ज्या आजीचं डोकं थंड

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी, चहा झाल्यावर.

आजपासून मी शांत.

हे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून मलाच कुरकुर करता येणार नाही. काल चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशात म्हणाले की रोज थोडं लिहा, मनात काय येतं-जातं त्यावर नजर राहते. दुसऱ्या कुणी वाचायचं नाही, आपण आणि प्रभू. आता माझं अक्षर प्रभूला लागेल की नाही, देव जाणे. शिक्षण चौथी. पाचवीत गेले होते, पण पाचवीचं आणि माझं पटलं नाही.

तर शांती. पाळकसाहेब म्हणतात, शांती आभाळातून पडत नाही, तिचा सराव करावा लागतो, पेटीसारखा. मन म्हणजे घर, विचार म्हणजे पाहुणे. बेल वाजली की धावत जाऊन आत घ्यायचं नाही. दारातच विचारायचं: तू खरा का? तू चांगला का? तुझ्यानं कुणाचं भलं होणार का? नाही म्हणाला की दार लावायचं, आणि त्याच्या जागी देवाचे आभार मानायचे. साधं आहे. वयाने आमच्या मुलाएवढे आहेत पाळकसाहेब, पण बोलतात छान. फक्त केस वाढवलेत, ते काही मला पटत नाही. असो. हा विचार पण दारात थांबवायला हवा होता.

पाहुणी खरीच आली आहे. विहीणबाई. सुनेची आई. दोन बॅगा आणि एक ब्लडप्रेशरचं मशीन. जन्मभर हॉस्पिटलात मेट्रन होत्या. रिटायर झाल्या तरी घरातून अशा चालतात की आपण सगळे खाटेवर पडलेले पेशंट. इथे मी त्यांना मेट्रनच लिहिणार. तोंडावर विहीणबाई म्हणते. आपले संस्कार आपल्यापाशी.

येत्या सतराला, रविवारी, माझ्या नातीचा बाप्तिस्मा. टिल्ली म्हणतो आम्ही तिला. काय सांगू! तीन महिन्यांची आहे पण बघते अशी की समोरच्याचा हिशेब मागते आहे. माझ्यावर गेलीये. आमच्या मंडळीत बाळाला आजी पुढे घेऊन जाते. आईबाप मागे उभे राहतात, आजी बाळाला पाण्याच्या कुंडावर धरते, पाळक डोक्यावर पाणी घालतात. आमच्या मुलाला माझ्या सासूबाईंनी धरलं होतं. तेव्हापासून मी रांगेत उभी आहे. आता कुठे नंबर लागतोय, तर शेजारून ही घुसली.

काल जेवताना मुलगा म्हणाला, आज्या दोन, बाळ एक. तुमच्यात ताणाताणी झाली की टिल्ली रडते. म्हणून ज्या आजीचं डोकं थंड, तिच्या हातात बाळ. बाप्तिस्म्याच्या आदल्या शनिवारी ठरवू. मी म्हटलं, मंजूर. मेट्रन म्हणाल्या, अहो, त्यात काय एवढं.

अहो-त्यात-काय म्हणणाऱ्या बायका फार आतल्या गाठीच्या असतात.

ठरलं. मी इतकी शांत होणार, इतकी शांत होणार, की तिला तोंड लपवायला जागा उरणार नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर. सकाळी.

सरावाला बसले. खिडकीपाशी, डोळे मिटून. पहिला विचार आला: मेट्रनने टिल्लीचे टॉवेल माझ्या कपाटातून काढून स्वतःच्या बॅगेवर ठेवले. मी दारात अडवलं. विचारलं, तू खरा का? खरा. डोळ्यांनी पाहिलंय. चांगला का? चांगलाच म्हणायचा, वेळेवर सावध केलं. कुणाचं भलं होणार का? माझं होणार.

तिन्ही प्रश्नांत पास. आत घेतला. खुर्ची दिली. त्याच्यामागे त्याची भावंडं उभी होती: मेट्रनने माझ्या हातातून बाळ घेऊन मानेला आधार द्या म्हणून शिकवलं (मी मुलगा वाढवला तो काय मानेशिवाय?), मेट्रन चहा पिऊन कप लगेच विसळते म्हणजे आमचे राहतात ते दिसतात. सगळे खरे. सगळ्यांना आत घेतलं. घर भरून गेलं.

पहिल्याच दिवशी इतकी प्रगती. पाळकसाहेबांना सांगावं का? नको, गर्व होईल.

बुधवार, ६ नोव्हेंबर. दुपारी.

आज आभार. प्रभू, तुझे आभार की माझे गुडघे मेट्रनच्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत. आभार की तिचा आवाज गाण्यात बसत नाही. आभार की टिल्ली आज तिच्या खांद्यावर ओकली, माझ्या नाही. आभार की ओकली तेव्हा मी समोर होते.

फार हलकं वाटलं. आभाराची ताकद मला आधी कुणी सांगितली नव्हती.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळी.

मौनाचा सराव. पाळकसाहेब म्हणाले होते एखाद्या दिवशी जिभेला सुट्टी द्या. दिली. सकाळपासून एक शब्द नाही. आमचे हे म्हणाले, काय झालं, दात दुखतोय का? मान हलवली. मुलगा म्हणाला, आई, रुसलीस का? मान हलवली. सून म्हणाली, आई, माझं काही चुकलं का? तिच्या गालावरून हात फिरवला, तर ती जास्तच घाबरली.

मेट्रन उठल्या. मशीन आणलं, माझा दंड पकडला, पट्टा आवळला. मला ओरडायचं होतं की सोडा, पण मौन. मशीनने आकडा असा दाखवला की मेट्रनने ते झटकून पुन्हा लावलं. पुन्हा तोच. मग हळूच मुलाला म्हणाल्या, आईंना आतून फार त्रास होतोय बघा.

आतून! माझ्या आतलं हिला काय ठाऊक? मशीन हिचं आहे. आपलं मशीन आपल्याच बाजूने बोलणार.

रात्री मौन सोडलं. जरा जोरात सुटलं. टिल्ली उठली.

शनिवार, ९ नोव्हेंबर.

जिच्यामुळे मन उकळतं तिची सेवा करा, हाही सरावाचा भाग. केली. मेट्रन रोज सकाळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून फिरायला जाते. त्याच रस्त्याला पाळकसाहेब पण फिरतात, म्हणजे ओघाने गप्पा, म्हणजे ओघाने माझं गाऱ्हाणं. मी पहाटेच उठून बूट धुतले. आतून, बाहेरून, तळ, नाड्या. भिजवून ठेवले. दोन दिवस वाळायचे नाहीत.

मेट्रनने पाहिलं आणि म्हणाली, अहो विहीणबाई, तुम्ही का त्रास घेतलात, किती पांढरे केलेत! आणि आमच्या ह्यांच्या चपला घालून गेली. हे म्हणाले, न्या की, न्या, दिवसभर न्या. ह्यांना कधी नव्हे तो उत्साह.

परत आली ती सेवेची परतफेड करत. मी आंघोळीला गेले तेवढ्यात स्वयंपाकघर आवरलं. सगळे डबे नव्या जागी, प्रत्येकावर चिठ्ठी. आता मला चहा करायचा तर आधी वाचायला बसायचं. साखर म्हणून जी घेतली ती साबणाची पावडर निघाली. मी कुणाला बोलले नाही. पावडर धुवून टाकली आणि बिनसाखरेचा चहा प्यायले. शांतपणे. दात ओठ खाल्ले, पण शांतपणे खाल्ले.

चहा पिताना एक गोष्ट ध्यानात आली. मेट्रन कप दोन्ही हातांनी धरते. तरी बशीवर टकटक वाजतो. उजवा हात कापतो. आमच्या लक्षात येऊ नये म्हणून लगेच विसळायला जाते. बाळाला घेते ती पण नेहमी बसून, उशी मांडीवर ठेवून.

बेल वाजली. मी दार उघडून पाहिलं. तू खरा का?

खरा.

रविवार, १० नोव्हेंबर. उपासनेहून आल्यावर.

आज पाळकसाहेबांनी कळस केला. म्हणाले, सरावाची शेवटची पायरी: जिचा राग येतो तिच्यासाठी प्रार्थना करा. नुसतं देवा तिचं भलं कर असं गुळमुळीत नको. नाव घेऊन, नीट तपशिलाने करा. मग शांती येते की नाही बघा.

तपशिलाने! मी बाकावर अशी सरळ बसले की हे म्हणाले, उपासना संपली का?

बुधवारी महिलांची प्रार्थनासभा आमच्याच घरी आहे. एवढ्या वर्षांत मला हे कसं सुचलं नाही? प्रार्थनेत कुणी कुणाला अडवू शकत नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं, म्हणजे सह्याच झाल्या.

बुधवार, १३ नोव्हेंबर. सभेनंतर लगेच. हात ओले आहेत, कप धुवून आले.

बायका गोल बसल्या. मध्ये पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांची बायको. बिचारी गरीब आहे, मुंगीलासुद्धा वाट देते. सून टिल्लीला घेऊन दारात उभी होती. साखळी प्रार्थना: एकीने आमेन म्हटलं की शेजारणीने उचलायचं. माझ्या शेजारी मेट्रन. ती जागा मी आधीच रुमाल टाकून धरून ठेवली होती.

माझी पाळी आली. म्हटलं, हे दयाळू बापा, आमच्या घरी आलेल्या पाहुणीसाठी मी तुझ्या पायाशी येते. आपल्याला सगळं येतं असं तिला वाटतं, तो भार तिच्या खांद्यावरून उतरव. ती घोरते, तिला झोप दे, आणि भिंतीपलीकडे आहेत त्यांनाही दे. डब्यांना चिठ्ठ्या डकवणाऱ्या हातांना काही उपयोगाचं काम दे. आमेन. बायका म्हणाल्या, आमेन. एकीला खोकला आला. तो हसण्याचा होता, मला कळतं.

मेट्रनने जरा श्वास घेतला. मग सुरू केलं. म्हणाली, प्रभू, या घरातल्या वयोवृद्ध भगिनीला सांभाळ. (वयोवृद्ध! माझ्याहून फक्त दोन वर्षांनी लहान आहे ती.) तिला राग गिळता येत नाही आणि औषधाची गोळी पण. ती गोळी ती कुंडीत टाकते हे तू पाहतोस, आणि झाड आता मरायला टेकलंय हेही पाहतोस. आमेन. आमेन तर केवढं मोठं पडलं! सगळ्या बायकांनी मान वळवून कुंडी पाहिली. डोळे मिटून प्रार्थना म्हणे.

आता पाळी पुढच्या बाईची होती. पण मला आत्म्याने हलवलं. मी पुन्हा सुरू केलं. म्हटलं, आणि बापा, रविवारी पाण्यावर बाळाला धरायचं आहे. विहीणबाईंचा उजवा हात कापतो हे तुला ठाऊकच आहे. (बाकी भगिनींना ठाऊक नव्हतं म्हणून इथे मी जरा मोठ्याने बोलले.) त्या ते लपवतात, दोन्ही हातांनी कप धरतात. बापा, झाकलेलं उघडं करणारा तू आहेस. आमेन.

कुणीच आमेन म्हटलं नाही.

डोळे उघडले. मेट्रनचे दोन्ही हात मांडीवर होते, एक दुसऱ्याला दाबून धरत होता. दारातून सून म्हणाली, आई, खरं? ती माझ्याशी नाही, तिच्या आईशी बोलत होती. मेट्रन म्हणाल्या, अगं, त्यात काय एवढं. पण या वेळी ते नीट म्हणता आलं नाही. शेवटी पाळकबाईंनी आमेन म्हटलं, तेही इतकं हळू की माझ्या आमेनात धरता येणार नाही.

सगळ्यांना माझी प्रार्थना फार भिडली असावी. चहा कुणी पुरा प्यायलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

सून आईला घेऊन दवाखान्यात गेली. मुलगा ऑफिसला जाताना माझ्याकडे न बघता गेला. टिल्लीला माझ्याकडे ठेवून जातील म्हटलं, तर बरोबर घेऊन गेल्या.

घर शांत. हीच ती शांती असावी. पाळकसाहेबांनी सांगितली तशी लागत नाहीये, जरा कोरडी आहे. पण सराव केला तर चव लागेल.

हे म्हणाले, तू काय केलंस? मी म्हटलं, प्रार्थना. ते म्हणाले, ती नव्हे, काल काय केलंस? ह्यांना सरळ उत्तर कळत नाही.

दुपारी आल्या. नसांचं काहीतरी आहे, वयोमानाने होतं, गोळ्या दिल्यात, घाबरण्यासारखं नाही. मी म्हटलंच होतं, झाकलेलं उघडं झालं तेच बरं. म्हणजे उपकारच की नाही? सून म्हणाली, आई, माझ्या आईच्या हातातून औषधं घेणारे हजार पेशंट असतील, पण तिला हे स्वतःच्या पोरीला सांगायचं धाडस होत नव्हतं. ती रडत होती. मी म्हटलं, मग बघ, मी सांगितलं. तिने खोलीचं दार लावलं. दाराबाहेर मी. या खेपेला बेल वाजवणारी पाहुणी मीच.

हे शेवटचं वाक्य कशाला लिहिलं कोण जाणे. तिन्ही प्रश्न विचारायला हवे होते.

शनिवार, १६ नोव्हेंबर. रात्री जेवणानंतर.

जिंकले.

मुलगा म्हणाला, आई, उद्या टिल्लीला तू घे. मी म्हटलं, डोकं थंड म्हणून ना? तो म्हणाला, नाही. तुझ्या विहीणबाईंनीच सांगितलं. त्या म्हणाल्या, माझा हात आता भरवशाचा नाही, आणि आईंचा जीव त्यात अडकलाय, त्यांनाच धरू दे.

घाबरली. दुसरं काय? हरल्यावर असंच मोठ्या मनाचं सोंग आणतात. मी मेट्रनला म्हटलं, तुमचे फार उपकार. म्हणताना माझं मन इतकं शांत होतं की मला हसू आवरेना.

उद्या पुढे जाताना तिचा चेहरा बघायचा आहे. पहिल्याच बाकावर बसणार आहे. फक्त तेवढंच. मग माझं काही मागणं नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर. दुपारी.

झालं! पांढऱ्या झग्यात टिल्ली, माझ्या हातात, भरल्या मंडळीपुढे. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारले, सगळ्यांनी उत्तरं दिली, मीही मोठ्याने दिली. राग-द्वेष सोडता का? सोडतो! आणि तेव्हाच मी पहिल्या बाकाकडे नजर टाकली. आता कशी वाटते हार?

चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणजे हरल्याचं काही नव्हतं. मेट्रन माझ्याकडे बघतच नव्हत्या. मी जरा थांबले, बघतील म्हणून. बघेनात. मी मान थोडी लांब केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू. मला वाटलं सोंग आहे, आता उतरेल, आता उतरेल. मी डोळा हलवला नाही. उतरलंच नाही.

मग सगळे आमेन म्हणाले, टिल्लीचं डोकं ओलं होतं, आणि पाळकसाहेब रुमाल पुढे करत होते.

जेवताना मंडळी म्हणत होती, काय गोड केलं हो पोरीने, पाणी पडल्यावर! मी म्हटलं, हो ना, गोडच केलं.

पोटभर जेवले नाही. दमले असेन.

सोमवार, १८ नोव्हेंबर.

फोटो आला. मुलाने फोनवर दाखवला. सगळे टिल्लीकडे बघतायत, पाळकसाहेबसुद्धा. एकटी मी बाजूला बघत्ये, बाजारात पाकीट मारलेल्यासारखी. टिल्लीचं तोंड नेमकं माझ्या हाताआड.

मुलाला सहज विचारलं, पाणी पडल्यावर तिने काय रे केलं? तो म्हणाला, आम्ही मागे होतो, तुझ्या खांद्याआड, तूच सांग की. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, माझे डोळे मिटलेले होते, प्रार्थनेत. प्रार्थनेत! घोरत होते.

घरच्यांत समोरून बघणारी एकच होती.

सकाळभर मी घरात इकडून तिकडे झाले. तिन्ही प्रश्न स्वतःला विचारून पाहिले, एकाचंही उत्तर लागेना. शेवटी मेट्रन खिडकीत बसल्या होत्या तिथे जाऊन उभी राहिले. म्हटलं, काल ऊन फार होतं नाही? त्या म्हणाल्या, नव्हतं हो. म्हटलं, पाळकसाहेबांनी पाणी जरा जास्तच घातलं. त्या म्हणाल्या, बेताचंच होतं. मग माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर पेशंट बघितलेली बाई ती. कुठे दुखतंय ते तिला सांगावं लागत नाही.

म्हणाल्या, बसा.

मी बसले. त्यांनी सांगितलं. पाणी पडलं तसं टिल्लीने आधी भुवया वर नेल्या, की हे कोण आगाऊ? मग नाकावरून एक थेंब ओघळला, तो तिने जीभ काढून चाखला. मग मान वळवून तुमच्याकडे बघितलं आणि हसली. विहीणबाई, तुमच्याकडे बघून हसली. किती वेळ बघत होती.

मी म्हटलं, आणि मी?

त्या म्हणाल्या, तुम्हाला पाळकसाहेबांनी काही विचारलं असेल तेव्हा, तुम्ही दुसरीकडे बघत होतात.

एवढंच. टोमणा नाही, काही नाही. मी वाट बघत होते की आता मारतील, आता तरी मारतील. मला सोपं झालं असतं. नाही मारला. मी म्हटलं, परत सांगा, जीभ आधी की भुवया आधी? त्यांनी परत सांगितलं. भुवया आधी. मग हात कापत होता तरी हवेत करून दाखवलं, थेंब कसा ओघळला ते.

संध्याकाळी सून बॅगा भरू लागली. उद्याच्या गाडीने आई जाणार म्हणे. मी म्हटलं, इतक्यात कशाला, राहू दे की आठवडाभर. सुनेच्या हातातली साडी हातातच राहिली. मी म्हटलं, अशी बघतेस काय, मला ते अजून नीट पाठ झालेलं नाही.